चौथं शील

आमच्या घरात सगळ्यात हुशार माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ प्रीतम, असं प्रीतमचं मत आहे. तो लातूरला बँकेत असतो आणि कोणत्याही अडचणीतून आपण वाट काढू शकतो असं त्याला वाटतं. अण्णांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, रिपोर्ट आले त्या दिवशी त्याने मला लातूरच्या त्या दवाखान्यात जिन्याखाली नेलं. अण्णा आणि आई वर बाकावर बसले होते. प्रीतमचे डोळे लाल झाले होते, पण वाट त्याने आधीच काढून ठेवली होती. अण्णांना खरं सांगायचं नाही, मणक्यात गॅप आहे म्हणायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

मणक्यात गॅप आमच्याकडे कुणाच्याही पाठीला चिकटवता येतो. एसटीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्याला असतो, पोती उचलणाऱ्याला असतो, नुसतं ओट्यावर बसून गप्पा हाणणाऱ्यालाही असतो. तो ऐकून कुणी दचकत नाही आणि कुणी रडत नाही. अण्णांची पाठ दिवाळीपासून दुखत होती, त्यामुळे ते पटणारंही होतं. लघवीचा त्रास होता, त्याला वयामुळे गाठ सुजलीय म्हणायचं, की झालं.

खरं असं होतं की अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो हाडांपर्यंत पोचला होता. डॉक्टर वीरभद्र हे सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आम्हा बहीणभावाला केबिनमध्ये बसवून नीट सांगितलं. हा आजार मुळापासून जाणार नाही, पण पुष्कळ काळ दाबून ठेवता येईल. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन तयार होतं त्यावर तो पोसला जातो, तेव्हा ते हार्मोन बंद करायचं. त्यासाठी एक तर ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, तेही कायमचं, नाहीतर एक लहान ऑपरेशन करून दोन्ही अंडकोष काढून टाकायचे. गोळ्या दोन्हीकडे लागणारच. मग त्यांनी फोटोतल्या मणक्यावर बोट ठेवलं आणि बजावलं, की इथं हाड पोखरलंय, वजन उचलू देऊ नका, पाठ कुणाकडून चोळून-दाबून घेऊ नका, आणि पाय जड वाटले तर त्याच दिवशी घेऊन या. हे सगळं आम्हाला सांगितलं. ज्याची पाठ होती तो माणूस बाहेर बसून आईला चहा घेतेस का म्हणून विचारत होता.

पेशंटशी मीच बोलू का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रीतम घाईने म्हणाला, आम्ही सांगतो. निघताना त्यांनी एक गोळी सुरू करून दिली आणि इंजेक्शन की ऑपरेशन ते लवकर ठरवा म्हणाले.

ठरवणं राहिलं बाजूला, प्रीतमने फाईल उचलली. ती फाईल हैदराबादला जाऊन आली, नांदेडच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आली, त्याच्या मित्राच्या मेव्हण्याच्या मोबाईलवरून पुण्यालाही जाऊन आली. माणूस भोकरजवळच्या आमच्या गावी, आणि त्याची फाईल गावोगाव. सगळीकडून एकच उत्तर यायचं, तरी प्रीतमला आणखी एक मत हवं असायचं. ऑपरेशनचं नाव निघालं की तो विषय बदलायचा. एकदा फोनवर म्हणाला, "अक्का, मी त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू?" मी चिडून म्हटलं, तू मुलगा आहेस, तू नाही सांगणार तर कोण, मी मुलगी, मी त्यांच्याशी असल्या जागेबद्दल बोलू का? दोघांकडेही न बोलण्याचं चांगलं कारण होतं आणि दिवस चालले होते.

अण्णांबद्दल सांगायला हवं. ज्ञानोबा हे त्यांचं नाव. शेती थोडी, पण अख्ख्या पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते बौद्धाचार्य म्हणून. गावातली लग्नं, नामकरणं, मृतांसाठीची पुण्यानुमोदनं त्यांच्या तोंडून होतात. पौर्णिमेला विहारात तेच वंदना घेतात, तेच पंचशील देतात. एकेक शील ते म्हणतात आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागून म्हणायचं. त्यांचे डोळे मिटलेले असतात, पण कान इतके तिखट की लहानपणी आम्ही नुसते ओठ हलवले तरी त्यांना कळायचं. मग ते थांबायचे आणि तीच ओळ पुन्हा म्हणायचे. आख्खा विहार आमच्यासाठी खोळंबायचा आणि आई मागून माझ्या दंडाला चिमटा काढायची.

दुसरी गोष्ट म्हणजे अण्णांना कधी काही झालेलंच नाही, निदान त्यांच्या म्हणण्यानुसार. एकदा कापणीत विळा हाडापर्यंत लागला, तर फडकं बांधून धरलेली पात, म्हणजे ओळ, पुरी केली. काय झालं विचारलं की "काय न्हाई." कुणी हात धरायला गेलं तर हात सोडवून घ्यायचे. मला त्यांचा अभिमानही वाटायचा आणि रागही यायचा.

वैशाखी पौर्णिमेला मी नांदेडहून सकाळीच गावी गेले. विहारापुढे पताका लावल्या होत्या, मोठ्या पातेल्यात खीर शिजत होती, पांढऱ्या कपड्यांतली सगळी मंडळी सतरंजीवर बसली होती. अण्णा पुढे बसले होते, पण मांडी घालून नाही. डावा पाय त्यांनी सरळ पसरला होता. मूर्तीसमोर पाय लांब करणाऱ्याला तेच रागवायचे, म्हणून मला ते खटकलं.

त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं मी सगळ्यांच्या आवाजात म्हटली. चौथं, म्हणजे खोटं बोलणार नाही हे शील, अण्णांनी दिलं आणि माझा आवाज फुटेना. ज्याला मी रोज फोनवर मणक्याचं कसं आहे म्हणून विचारत होते, त्याच्याच मागून हे म्हणायचं होतं. ओठ हलवायचीही मला लाज वाटली. अण्णा थांबले. त्यांनी तेच शील पुन्हा दिलं, तरी मला म्हणता येईना. तेव्हा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पाचवं शील दिलं.

खीर वाटणं चालू असताना त्यांनी मला विहाराच्या ओट्यावर बोलावलं.

"माया, चौथं कामून गाळलंस?"

घसा बसलाय, असं मी सांगितलं. त्यांनी हं केलं आणि भिंतीला धरून उठले, पायात चपला सरकवल्या आणि चालू लागले. चार पावलांवर त्यांच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि ते तसेच पुढे गेले. तापलेल्या फरशीवर उघडा पाय पडत होता आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. मी चप्पल उचलून धावले आणि पायाला काय झालंय म्हणून विचारलं.

"काय न्हाई. नस मोकळी व्हायलीय. चंद्रप्पा म्हणलाच व्हता, थोडे दिवस मुंग्या येतेत."

हा चंद्रप्पा धर्माबादच्या बाजूला राहतो आणि पाठी बसवून देतो. मणक्यात गॅप असलेली अर्धी माणसं त्याच्याकडे जातात. आमच्या गल्लीतल्या एकाला गुण आला होता, त्याच्यासोबत अण्णाही मागच्या आठवड्यात एसटीने जाऊन आले होते. लेकरांना कशाला तकलीफ द्यायची म्हणून कुणाला बोलले नव्हते. चंद्रप्पाने आजार विचारला तेव्हा त्यांनी मोठ्या भरवशाने सांगितलं, की माझ्या पोरानं लातूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवलंय, गॅपच हाय. मग गॅपवर जे करतात ते चंद्रप्पाने केलं. पालथं निजवून पाठीवर गुडघा दिला. उद्या पुन्हा बोलावलं होतं आणि अण्णा जाणार होते.

माझ्या हातात ती चप्पल तशीच होती. तिथे प्रीतम नव्हता, डॉक्टर नव्हते, फाईल नव्हती. जे बोलायचं ते मलाच बोलायचं होतं.

"अण्णा, गॅप नाही. आम्ही खोटं सांगितलं. तुम्हाला कॅन्सर आहे, आणि तो मणक्यात गेलाय."

ते ओट्याच्या पायरीवर बसले. समोर बायका एकमेकींच्या वाटीत खीर वाढत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, कवापासून ठावं हाय. मी म्हटलं, जयंतीच्या आधीपासून.

"जयंतीला मी पाण्याच्या टाक्या उचलल्या," अण्णा म्हणाले. "तुम्ही दोघं बघत व्हता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तिथेच त्यांच्या पायापाशी बसून रडले. थोड्या वेळाने त्यांनी चप्पल माझ्या हातातून घेतली आणि पायात घालायचा प्रयत्न केला. त्यांना ती घालता आली नाही, मीच घातली.

डॉक्टर वीरभद्रांना फोन लावला. पाय जड झालाय ऐकताच ते म्हणाले, पाठ हलू न देता आडवं झोपवून आत्ताच्या आत्ता आणा. शेजाऱ्याची जीप मिळाली. मधल्या सीटवर गादी टाकून अण्णांना निजवलं, डोकं आईच्या मांडीवर. आईला एवढंच सांगितलं की मणक्याचं वाढलंय. पारूबाईला, म्हणजे आमच्या आईला, कुणी जास्त सांगत नाही आणि ती विचारत नाही. ती सारखी पदराने अण्णांच्या कपाळावरचा घाम टिपत होती. प्रीतमला मी अहमदपूरला येऊन थांब म्हणून कळवलं. तुझा गॅप चंद्रप्पाने दाबलाय, एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. मला त्याच्याशी आणखी बोलायची इच्छा नव्हती.

लोहा गेल्यावर मला वाटलं अण्णा झोपले, पण डोळे उघडे होते. अहमदपूरला बसस्टँडच्या पुढे लिंबाखाली प्रीतम उभा होता. जीप थांबली तसा तो दार उघडून आत वाकला आणि अण्णांचे पाय चाचपू लागला. डाव्या पायाला हात लावला तो अण्णांना समजला नाही, हे त्याने पाहिलं. मग त्याने तो पाय धरूनच ठेवला.

"प्रीतम," अण्णा म्हणाले, "चंद्रप्पाला मी पाठ दिली ती तुझ्या शब्दावर दिली."

अण्णा तुम्ही खचाल म्हणून, असं काहीतरी प्रीतम पुटपुटला. अण्णांनी त्याला हाताने थांबवलं आणि आईकडे मान वळवली. तिच्या मांडीवरूनच, वर तिच्या तोंडाकडे बघत त्यांनी तिला सगळं सांगितलं. शेतातली एखादी खबर सांगावी तसं साध्या आवाजात सांगितलं, की पारू, मला कॅन्सर हाय, हाडात गेलाय, पोरांनी आपल्या दोघांपासून लपवलं. आईचा घाम टिपणारा हात तेवढा थांबला. तिने आमच्या दोघांकडे एकदा बघितलं. ते बघणं मला जन्मभर पुरेल.

"आता इलाज काय हाय, ते सांग," अण्णा मला म्हणाले. "सगळं सांग. गाळू नको."

मी रस्त्याकडे तोंड केलं आणि बोलले. इंजेक्शनचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, मणक्याला रेडिएशनचा शेक देतात ते सांगितलं. ऑपरेशनपाशी आले तेव्हा घसा खरोखरच बसला. माझ्या उभ्या आयुष्यात बापासमोर न उच्चारलेला शब्द मी अहमदपूरच्या बसस्टँडसमोर उच्चारला. ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवायला गेला, एवढी त्याची भलमनसी.

मग अण्णांच्या छातीतून बारीक हसू आलं.

"एवढे गोऱ्हे बडवून बैल करून घेतले मी, एकालाबी कधी इचारलं न्हाई. तुम्ही तेवढं तरी इचारायलात."

प्रीतम रडता रडता हसला आणि त्याला त्याचीच लाज वाटली. अण्णा मात्र पुन्हा गंभीर झाले. त्यांनी विचारलं, "पारू, तुझं काय म्हणणं हाय?"

हे विचारायचं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. हैदराबादपासून पुण्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. आईने पदर तोंडाला लावला. तिला आमच्यासमोर बोलायचा संकोच होत होता, पण ती बोलली.

"मला माणूस पाहिजे. काय काढायचं अन् काय ठेवायचं ते डॉक्टरला ठरवू द्या."

"मग ऑपरेशनच करू," अण्णा म्हणाले. "घडीघडी सुई कोण टोचून घेतं. चला आता, उशीर व्हायलाय."

लातूरला पोचल्याबरोबर सुजेवरचं औषध सलाईनमधून सुरू झालं. एमआरआय झाला आणि मणक्यावर शेक सुरू करायचं ठरलं. डॉक्टर वीरभद्र या वेळी आमच्याशी बोललेच नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि अण्णांच्या कॉटपाशी बसून अण्णांनाच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा पाठ दाबली असती तर दोन्ही पाय गेले असते, हेही सांगितलं. अण्णांनी बरेच प्रश्न विचारले. किती दिवस जगेन, हाही विचारला. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येणार नाही, पण औषध लागू पडलं तर वर्षांच्या हिशोबात बोलू, महिन्यांच्या नाही. मी आणि प्रीतम त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आम्हाला आत कुणी बोलावलं नाही. प्रीतमने मला विचारलं, अक्का, चहा घेतेस का? मला त्याची इतकी दया आली की माझा राग तिथेच संपला.

ऑपरेशन पार पडलं. उजवा पाय वाचला, डावा अर्धाच परत आला. आजार गेलेला नाही, पण त्याचा रक्तातला आकडा उतरलाय. हार्मोन बंद झाल्यामुळे अंगातून मधूनच गरम वाफा येतात, तेव्हा ते सदऱ्याची बटणं सोडून वारा घालून घेतात आणि हा बायकांचा त्रास आता मला कळला म्हणून आईला चिडवतात. आई लटकं रागावते. गावात विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आजाराचं खरं नाव सांगतात. एकदा तर मुद्दाम निरोप पाठवून चंद्रप्पालाही कळवलं, म्हणजे पुढच्या माणसाच्या पाठीवर गुडघा देण्याआधी त्याने दोनदा विचारावं.

आषाढी पौर्णिमेला पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू होतो. त्या दिवशी अण्णा वॉकर धरून विहारात आले. खुर्चीवर बसायला ते तयार नव्हते. सगळे खाली बसलेले असताना मी उंचावर कसा बसू, असं त्यांचं चाललं होतं. शेवटी आईने खुर्चीकडे बोट दाखवलं आणि ते बसले. आवाज थोडा थकला होता, पण कान तेच होते. चौथं शील दिलं आणि थांबले. मी मोठ्याने म्हटलं. प्रीतम लातूरहून रजा टाकून आला होता, तोही म्हणाला, पण त्याचा आवाज मध्येच अडकला. अण्णांनी डोळे न उघडता तेच शील पुन्हा दिलं. आख्खा विहार खोळंबला. प्रीतम, बँकेतला साहेब, दोन लेकरांचा बाप, त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं आणि मगच अण्णा पाचव्याकडे वळले.

वंदना आटोपून मी त्यांच्या बाजूने घराकडे चालले होते. प्रीतम आणि आई मागून येत होते. विहारापासून आमचं घर लांब नाही, पण वाटेत थोडा चढ आहे. तिथे अण्णा थांबले. वॉकरवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

मी विचारलं, "अण्णा, दुखतंय का?"

"काय न्हा..." ते म्हणाले, आणि अडखळले. चढाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुखतंय, माया," ते म्हणाले. "लई दुखतंय. अन् पडायचं भ्याव वाटायलंय."

वॉकरचा एक हात सोडून त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला. सगळं वजन टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या बापाचं वजन कळलं, आणि ते फार कमी झालं होतं. मी त्यांच्या कमरेला हात घातला, त्यांनी तो सोडवून घेतला नाही, आणि आम्ही सावकाश चढ चढून घरी आलो.